जुन्या गाडीचा गोतावळा

हिशेबाच्या पुस्तकात मोटारगाडी ही फार केविलवाणी मालमत्ता असते. जमिनीची किंमत वाढते, सोन्याची वाढते. गाडीची मात्र दुकानातून बाहेर पडल्या क्षणापासून उतरू लागते. प्राप्तिकराच्या नियमाप्रमाणे मोटारीवर घटत्या किमतीच्या १५ टक्के दराने घसारा धरतात. शंभर रुपयांची गाडी या हिशेबाने दहा वर्षांनी वीस रुपयांची राहते आणि वीस वर्षांनी चार रुपयांचीही राहत नाही. आयुष्याची तीसहून अधिक वर्षे बँकेत काढल्यामुळे हे गणित माझ्या हाडीमाशी खिळले आहे. म्हणूनच चार रुपयांच्या वस्तूवर चारशे रुपये आणि वर्षाचे बावन्न रविवार खर्च करणारी शहाणीसुरती माणसे भेटली, की माझ्यातला अधिकारी भुवया उंचावतो आणि माझ्यातला कादंबरीकार खुर्ची पुढे ओढून बसतो.

अशी माणसे आता आपल्याकडे पुष्कळ आहेत. पुण्या-मुंबईत आहेत, तशी नाशिक, कोल्हापूर, सांगलीतही आहेत. कुणाच्या अंगणात पत्र्याच्या शेडखाली जावा उभी असते, कुणाच्या इमारतीखाली ताडपत्रीत गुंडाळलेली फियाट. कुणाकडे राजदूत, कुणाकडे लॅम्ब्रेटा, तर कुणाकडे उजव्या पायाने गिअर टाकायची बुलेट. राजेरजवाड्यांच्या मोटारींची गोष्ट वेगळी. कोल्हापूरच्या छत्रपतींची मेबॅक दसऱ्याला बाहेर निघते तेव्हा तिला पाहायला गाव लोटते. अहमदाबादजवळ कठवाड्याला प्राणलाल भोगीलाल यांनी जमवलेला मोटारींचा ताफा पाहायला माणसे लांबून जातात. दिल्लीत ‘स्टेट्समन’ वृत्तपत्राने १९६४ पासून जुन्या मोटारींची मिरवणूक सुरू केली, तीही थाटाचीच. त्या मोटारींना तबेला होता, ड्रायव्हर होता, वारसाहक्काचे खटले होते. मला बोलायचे आहे ते मध्यमवर्गाच्या गाड्यांविषयी. त्या कर्ज काढून घेतल्या, हप्ते भरून सोडवल्या आणि एका दिवशी जिन्याखाली ढकलल्या गेल्या.

आजच्या मुलांना सांगून खरे वाटणार नाही, पण एके काळी पैसे हातात असूनही गाडी मिळत नसे. परवाना राज्यात कारखान्याने किती गाड्या बनवायच्या ते सरकार ठरवी आणि गिऱ्हाईक नंबर लावून बसे. मुलगी पाळण्यात असताना नंबर लावावा आणि ती पाटी-दप्तर घेऊन शाळेत जाऊ लागली की बजाजची स्कूटर दारात यावी, असा तो काळ. चेतक १९७२ मध्ये आली आणि पुढची कित्येक वर्षे ती हुंड्याच्या यादीपासून निवृत्तीच्या स्वप्नांपर्यंत सगळीकडे होती. फियाटचेही तेच. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून या गाड्या निघत. सुरुवातीच्या गुबगुबीत ११०० मॉडेलला लोकांनी प्रेमाने ‘डुक्कर फियाट’ म्हटले. पुढे चौकोनी अंगाची गाडी आली आणि तिचे नाव ‘पद्मिनी’ झाले. स्टिअरिंगच्या दांडीवर गिअर, पुढे सलग बाकासारखी सीट आणि तिच्यावर तिघे. मागे किती बसायचे, हे गाडीच्या क्षमतेपेक्षा लग्नाच्या मुहूर्तावर ठरे.

बँकेत आम्ही या गाड्यांचे बारसे पाहिले आहे. कर्जाच्या कागदांना चेसिस नंबरचा छाप जोडावा लागे. पातळ कागद त्या आकड्यांवर धरायचा, वरून पेन्सिल घासायची, की काळ्या पट्टीत पांढरे आकडे उमटत. कितीतरी सरळमार्गी माणसांना मी स्वच्छ कपड्यांनिशी रस्त्यावर उकिडवे बसून तो छाप घेताना पाहिले. मग आरसी बुकावर बँकेचा बोजा चढे आणि पाच वर्षांनी तो उतरवायला तोच माणूस पेढ्याचा पुडा घेऊन येई. घराचे कर्ज फिटल्यावर माणसे गंभीर होतात, स्कूटरचे फिटल्यावर हसतात, असा माझा अनुभव आहे. त्या गाडीवरून मुले शाळेत गेली, पोटुशी बायको दवाखान्यात गेली, गॅसची टाकी आली आणि म्हातारा बाप शेवटचा पंढरपूरला जाऊन आला. एवढे सगळे जिच्यावरून झाले तिची किंमत चार रुपये, हे हिशेबाने बरोबर असले तरी घराला ते पटत नाही. जुन्या गाड्यांच्या वेडाचे मूळ तिथे आहे.

पण नुसत्या आठवणींवर गाडी सुरू होत नाही. तिला माणसे लागतात, आणि ही गोष्ट जावाच्या उदाहरणावरून फार चांगली समजते.

जावा मूळची चेकोस्लोव्हाकियातली. फ्रांतिशेक यानेचेक यांनी १९२९ मध्ये वाँडरर या जर्मन कंपनीकडून मोटारसायकलीचे हक्क घेतले आणि दोन्ही नावांची पहिली अक्षरे जोडून ‘जावा’ हे नाव केले. १९६१ च्या सुमारास म्हैसूरच्या ‘आयडियल जावा’ कारखान्यात ती बनू लागली. १९७३ पासून तिचे नाव ‘येझदी’ झाले. अडीचशे सीसीचे टू-स्ट्रोक इंजिन, एका सिलिंडरला दोन सायलेन्सर आणि किकचा व गिअरचा दांडा एकच: आत दाबून उभा केला की किक, पुढे आडवा केला की गिअर. अनोळखी माणूस गाडी चोरायला आला तर ती सुरू कशी करायची याच्या विचारातच पकडला जाईल, असे तिचे मालक अजून अभिमानाने सांगतात. १९९६ मध्ये तो कारखाना बंद पडला. पाठोपाठ सुटे भाग बंद, सर्व्हिसिंग बंद, कंपनीच्या माणसांचा पत्ता बंद.

खरे तर इथे जावाची कथा संपायला हवी होती. झाले उलटेच. कंपनी गेल्यामुळे मालकांना एकमेकांवाचून गत्यंतर राहिले नाही. ज्याच्याकडे जास्तीचे कार्बोरेटर होते त्याला सायलेन्सर हवा होता; ज्याच्याकडे दोन सायलेन्सर होते त्याला किल्लीचा स्विच मिळत नव्हता. बंगळूर, पुणे, मुंबई, केरळ असे करत ओळखी जुळत गेल्या. आता दरवर्षी जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा-येझदी दिवस साजरा होतो आणि गावोगावच्या गाड्या एकत्र येतात. २०१८ मध्ये जावाचे आणि २०२२ मध्ये येझदीचे नाव नव्या मोटारसायकलींवर परत आले, याचे थोडे श्रेय या हट्टी मंडळींकडे जाते असे मला वाटते. वीस-बावीस वर्षे कुणी जाहिरात केली नसतानाही नाव जिवंत होते, ते यांच्यामुळे.

अशी गाडी उभी करायची म्हणजे काय करायचे, हे घरच्यांना कळावे म्हणून थोडक्यात सांगतो. आधी इंजिन जाम झालेले असते. पिस्टन सिलिंडरला धरून बसलेला असतो. तो ठोकून काढायचा नसतो. वरून तेल सोडायचे आणि दोन-चार दिवस वाट पाहायची. निघाला तर सिलिंडर लेथवाल्याकडे बोअर करायला न्यायचा आणि वाढलेल्या मापाचा पिस्टन शोधायचा. तो शोध कधी दोन दिवस चालतो, कधी दोन वर्षे. पेट्रोलच्या टाकीतला गंज काढायला आत खिळे नाहीतर साखळीचे तुकडे टाकून ती तासन्‌तास हलवत बसायची. वायरी उंदरांनी खाल्लेल्या असतात. रबराचे सगळे भाग दगड झालेले असतात. रिमचा आऊट काढणारा वेगळा, सीटला रेक्झिन चढवणारा वेगळा, क्रोमवाला वेगळा, आणि टाकीवरची बारीक सोनेरी रेघ एका दमात ओढणारा पेंटर तर हजारात एक. जुन्या ब्रिटिश गाडीचे नट इंचांच्या हिशेबातले व्हिटवर्थ, त्यांना आपल्या घरातला एकही पाना लागत नाही. म्हणजे पाने उसने आणण्यासाठी आणखी एक ओळख.

पुण्यात रविवारचा किंवा बुधवारचा जुना बाजार, नाना पेठेतली सुट्या भागांची दुकाने, मुंबईत चोर बाजार आणि कुर्ल्याचा सीएसटी रोड ही या मंडळींची तीर्थक्षेत्रे. एकटा माणूस तिथे गेला तर रिकाम्या हाताने परततो. चौघे गेले, तर निदान चौघांपैकी एकाच्या गाडीचे काहीतरी मिळते आणि ते त्याच्या आधी दुसऱ्यालाच दिसते. मला या छंदातली ही गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. जुनी गाडी माणसाला दुसऱ्याची गरज मान्य करायला लावते. नवी गाडी घेऊन बिघडली तर कंपनीला फोन करता येतो, पैसे फेकता येतात, तक्रार करता येते. इथे पैसे खिशात असले तरी वस्तू नसते, आणि वस्तू ज्याच्याकडे असते तो ती विकायला तयार नसतो. तो तुमच्याकडे एकदा नीट पाहतो, गाडी पाहायला येतो, दोन चहा घेतो, आणि मग म्हणतो, “घेऊन जा. पैशांचं नंतर बघू.” ते ‘नंतर’ सहसा येतच नाही. त्याऐवजी सहा महिन्यांनी त्याला काहीतरी लागते आणि तुम्ही ते घेऊन जाता. उधार-उसनवारीची अशी वही मी बँकेत पाहिली असती तर शेरा मारला असता. पण ती बुडालेली मी अजून पाहिलेली नाही.

या वहीवर कोणकोण असते? माझ्या माहितीतल्या एका टोळक्यात एक शल्यचिकित्सक आहेत, एसटीतून निवृत्त झालेले एक कंट्रोलर आहेत, किराणा दुकानदार आहे, अभियांत्रिकीचा विद्यार्थी आहे आणि नाना पेठेतले एक वयोवृद्ध मिस्त्री आहेत, ज्यांना सगळे चाचा म्हणतात. एरवी ही माणसे एका चहाच्या टेबलावर आली नसती. इंजिन खोलल्यावर मात्र डॉक्टरसाहेब खाली फरशीवर बसून बॅटरी धरतात आणि “उजेड इकडे दाखवा, तिकडे काय बघताय” हे चाचांचे शब्द निमूट ऐकून घेतात. आपल्या समाजात मोठ्या हुद्द्याच्या माणसाला कुणी असे बोलण्याच्या जागा फार कमी उरल्या आहेत. त्या विद्यार्थ्याला कंट्रोलर काकांकडून नोकरीतली भांडणे कशी मिटवायची ते कळते, आणि काकांना त्याच्याकडून मोबाईल. जात, धर्म, पक्ष हे विषय निघत नाहीत असे नाही. पण पिस्टन हातात असताना ते फार वेळ टिकत नाहीत.

आणखी एक गोष्ट आहे, ती पुरुषांविषयी. साठीच्या आसपासचा मराठी पुरुष आपले दुःख सांगत नाही. त्याला ते सांगायची सवयच लावलेली नाही. त्या टोळक्यातल्या दुकानदाराची पत्नी गेली, तेव्हा तेराव्यानंतर ही मंडळी त्याच्याकडे गेली. काय बोलावे ते कुणालाच सुचेना. शेवटी कंट्रोलर म्हणाले, “तुमच्या येझदीचा क्लच घसरत होता ना? बघू या का?” मग चौघांनी मिळून संध्याकाळपर्यंत तो क्लच उघडला, साफ केला आणि पुन्हा बसवला. तिच्याविषयी एक शब्द झाला नाही. पण त्या रात्री तो माणूस बऱ्याच दिवसांनी जेवला, असे त्याच्या सुनेने मला सांगितले. सांत्वनाची ही पद्धत पुस्तकात बसणारी नसेल. तिचा उपयोग झाला हे खरे.

आता दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. या छंदाचे गोडवे गाताना घरातल्या बाईचा रविवार कुठे जातो, हे कुणी विचारत नाही. सकाळपासून चहा-पोहे कोण करते? ऑईलचे डाग पडलेले सदरे कोण घासते? गाडीला ‘सवत’ म्हणून विनोद करणे सोपे आहे, पण पुष्कळ घरांत तो विनोद ऐकून एकजण हसतो आणि दुसरी उठून आत जाते. हे बदलत आहे, एवढे समाधान. बापाची जावा आता मुलगी चालवते, आणि काही जणी स्वतः इंजिन उघडतात. ज्या घरात छंद सगळ्यांचा झाला तिथे तो टिकला. जिथे तो एकट्याचा राहिला तिथे गाडी शेवटी ओएलएक्सवर गेली.

धुराचा मुद्दाही टाळता येणार नाही. टू-स्ट्रोक इंजिन पेट्रोलबरोबर तेल जाळते आणि मागून निळसर धूर सोडते. तो वास आमच्या पिढीला कॉलेजच्या दिवसांचा वाटतो. दमेकऱ्याला तो दम्याचाच वाटतो. या गाड्या रोजच्या वापराला नकोत, हे त्यांच्यावर प्रेम करणाऱ्यांनीच आधी म्हणायला हवे. महिन्यातून एखादी सकाळ, मोकळा रस्ता आणि नीट जुळवलेले इंजिन, एवढ्यात त्यांचे समाधान होते.

पैशाचे आक्रमण हा तिसरा मुद्दा. दहा-पंधरा वर्षांपूर्वी जी मोटारसायकल भंगाराच्या भावात मिळे, तिच्यासाठी आज लाखाची भाषा होते. खेड्यात जाऊन एखाद्या म्हाताऱ्याकडून चार पैशांत गाडी उचलायची, वरून रंग फासायचा आणि शहरात ‘विंटेज’ म्हणून विकायची, असा धंदा उभा राहिला आहे. त्यात रंग झगझगीत असतो, नट चुकीचे असतात आणि गाडीची गोष्ट हरवलेली असते.

या गोष्टीवरून एक प्रसंग सांगण्याजोगा आहे. एका शिक्षकाच्या पत्नीने पतीच्या मागे त्यांची जुनी मोटारसायकल आमच्या ओळखीच्या मंडळींना दुरुस्तीसाठी दिली. गाडीवर तीन रंगांचे थर होते. मंडळींनी खरवडून कारखान्याचा मूळ रंग शोधला, तो लाल होता, आणि तोच द्यायचे ठरवले. बाईंनी नकार दिला. त्या म्हणाल्या, “मी लग्न होऊन आले तेव्हा ही निळी होती. ह्यांनी स्वतः ब्रशने रंगवली होती. ब्रशचे केस अजून त्यात चिकटलेत.” दोन आठवडे वाद चालला. एक पक्ष म्हणे, गाडी कारखान्यातून निघाली तशीच हवी. दुसरा म्हणे, गाडी जगली तशी हवी. अखेर निळा रंग ठेवला. तो पॉलिश केला, ब्रशच्या केसांसकट.

गंमत म्हणजे जगभरच्या जाणकारांनी याच प्रश्नावर बराच काळ डोके चालवले आहे. जुन्या वाहनांची आंतरराष्ट्रीय संघटना ‘फीवा’ १९६६ मध्ये स्थापन झाली. तिने २०१२ मध्ये जी ‘ट्यूरिन सनद’ स्वीकारली, तिचा गाभा असा, की जुने वाहन शक्यतो जसे आहे तसे जपावे, बदल करावे लागले तर कमीत कमी करावेत, आणि जे बदलले त्याची नोंद ठेवावी. वापराच्या खुणा हाही त्या वाहनाचा इतिहास आहे. शिक्षकांच्या पत्नीने सनद वाचली नव्हती. तिला एवढेच ठाऊक होते, की निळा रंग पुसला तर ती गाडी दुसऱ्या कुणाची होईल.

सरकारनेही या विषयात लक्ष घातले आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्राने मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपात असलेल्या दुचाकी आणि मोटारींना ‘विंटेज’ दर्जा दिला. त्यांच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात, नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे. प्रदर्शन, मिरवणूक, संशोधन, इंधन आणि देखभाल एवढ्यासाठी ती रस्त्यावर आणता येते, रोजच्या वापरासाठी नाही. नियम योग्य आहे. अडचण आहे ती मधल्या वर्षांची. १९८५ मध्ये नोंदलेली पद्मिनी या व्याख्येप्रमाणे २०३५ मध्ये विंटेज होईल. तोवर तिने काय करायचे? १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरील मोटारीच्या फेरनोंदणीचे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० आणि दुचाकीचे ३०० वरून १,००० झाले. वीस वर्षांवरील गाड्यांसाठी ते २०२५ मध्ये आणखी वाढवले. धूर ओकणाऱ्या वाहनांना आळा घालायचा हा हेतू रास्त आहे. पण वर्षाला तीनशे किलोमीटर चालणारी, निगुतीने ठेवलेली गाडी आणि रोज शंभर किलोमीटर धावणारा खटारा यांत नियमाने फरक करायला हवा. कमी वापराची, तपासणी केलेली वाहने असा एक मधला वर्ग करणे अवघड नाही. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली, तेव्हा शहराने हळहळ व्यक्त केली, फोटो काढले आणि बहुतेक गाड्या भंगारात गेल्या. हळहळण्याआधी थोडी तरतूद केली असती, तर चार गाड्या तरी संग्रहालयात चालत्या स्थितीत राहिल्या असत्या.

तरीही माझ्या मते कायदा आणि किंमत हे या छंदापुढचे खरे संकट नाही. खरे संकट चाचांच्या गॅरेजमध्ये आहे.

चाचांचे वय सत्तरीच्या पुढे. गॅरेजला पाटी नाही. स्क्रू-ड्रायव्हरचे टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून ते आतले कुठले बेअरिंग बोलते आहे ते सांगतात. पॉइंटमधली फट पोस्टकार्डाच्या जाडीने मोजतात. पोस्टकार्डे दिसेनाशी झाली म्हणून त्यांनी दोन जपून ठेवली आहेत. वयाच्या दहाव्या वर्षी ते उस्तादाच्या हाताखाली पाने पुसायला बसले. तीन वर्षे त्यांना फक्त पाने पुसू दिली. तशी शिकवणूक आज कुणी सोसू नये, आणि दहा वर्षांच्या मुलाची जागा शाळेतच आहे. पण त्या पद्धतीबरोबर ती विद्याही निघाली आहे. चाचांचा मुलगा एका गोदामात नोकरी करतो. पगार वेळेवर, हात स्वच्छ. त्याला दोष कसा द्यायचा? गेल्या वर्षी त्या विद्यार्थ्याने वही काढून “चाचा, सांगा, मी लिहून घेतो” म्हटले, तेव्हा चाचा हसून म्हणाले, “कानाने ऐकायचं ते वहीत कसं लिहून देऊ, बेटा? रोज ये, आपोआप येईल.” पण रोज यायला त्याला कॉलेजातून सवड नाही.

पंधरा-वीस वर्षांनी काय होईल, याचा हिशेब करायला बँकेचा अधिकारी लागत नाही. गाड्या असतील, त्यांच्यावर खर्च करणारे असतील, परदेशातून मागवलेले भागही असतील. पण त्यांना हात लावून “हिला काय झालंय” हे सांगणारा माणूस नसेल. मग गाड्या दिवाणखान्यात शोभेला उभ्या राहतील. चालत नसलेली गाडी म्हणजे महाग फर्निचर.

इंग्लंडला ही धास्ती आधीच जाणवली. बायसेस्टर इथे हवाई दलाचा एक जुना तळ आहे. २०१३ पासून तो जुन्या मोटारींच्या कारागिरांचे गाव झाला आहे. पत्रेकामवाले, इंजिनवाले, गादीवाले शेजारी शेजारी बसतात आणि तिथेच तरुण मुलामुलींना उमेदवारीच्या पद्धतीने जुन्या वाहनांचे काम शिकवले जाते. आपल्याकडे काय कमी आहे? १९६१ चा अ‍ॅप्रेंटिस कायदा आहे, जिल्ह्याजिल्ह्यात आयटीआय आहेत, त्यांत मोटार मेकॅनिकचा वर्ग आहे. त्या वर्गात आठवड्यातून एक दिवस एखाद्या चाचांना सन्मानाने, मानधन देऊन बोलावले तर पुष्कळ साधेल. कार्बोरेटर ज्याने कधी उघडला नाही त्याला इंधन आणि हवेचे नाते फक्त परीक्षेपुरते कळते. विजेवरच्या गाड्यांच्या काळात हे कशाला, असे कुणी विचारेल. लेथवर माप साधणारा हात आणि आवाजावरून दोष ओळखणारा कान कुठल्याही यंत्राला लागतो.

छंदाची मंडळे आणि श्रीमंत संग्राहक यांनाही एक सांगणे आहे. तुमच्या प्रदर्शनात गाडीपुढे फलक असतो: गाडीचे नाव, साल, मालकाचे नाव. त्याखाली एक ओळ वाढवा, ‘कारागीर’ म्हणून, आणि मिस्त्री, पेंटर, लेथवाला यांची पूर्ण नावे लिहा. बक्षीस मालकाला द्याल तेव्हा त्यांनाही मंचावर बोलवा. चषकाबरोबर एका शिकाऊ मुलाच्या वर्षभराच्या विद्यावेतनाची सोय करा. एका क्रोमच्या बंपरला जो खर्च येतो, त्याहून ही रक्कम फार मोठी होणार नाही. चित्राखाली चित्रकाराची सही आपण शोधतो. पत्र्यातून गाडीचा गाल पुन्हा घडवणाऱ्या माणसाचे आडनावही आपल्याला माहीत नसते, हे बरे नाही.

आणि घरोघरच्या वाचकांसाठी एक व्यवहाराची गोष्ट. तुमच्या जिन्याखाली किंवा गावच्या घरी अशी एखादी गाडी धूळ खात असेल, तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी आरसी बुक शोधा. कागद नसले तर गाडी पुढे कुणाच्याच कामाची राहत नाही. उत्साहाच्या भरात किक मारू नका. प्लग काढा, त्या भोकातून चमचाभर तेल सोडा, एक दिवस थांबा आणि मग इंजिन हाताने हलक्याने फिरवून पाहा. रंग खरवडू नका. घरातल्या वडीलधाऱ्यांना शेजारी बसवून ही गाडी कधी घेतली, कुठे नेली, कुणी पाडली ते विचारा आणि मुलांना ते लिहून घेऊ द्या. मग जवळच्या एखाद्या जुन्या मिस्त्रींना घरी बोलवा. ते आले की आधी चहा ठेवा, आणि गाडीचा आजार सांगण्यापूर्वी त्यांचे पूर्ण नाव विचारून घ्या.